स्पर्धेच्या प्रवेशिकेसाठी छायाचित्राचे पिक्सेल, पीपीआय आणि फाइलचा आकार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पर्धेच्या नियमांत "कमाल रुंदी १९२० पिक्सेल, कमाल उंची १०८० पिक्सेल, ३०० डीपीआय, एसआरजीबी, जेपीईजी, फाइल २ एमबीपेक्षा कमी" असे लिहिले आहे. आपल्याकडे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील ६००० × ४००० पिक्सेलचे एक आडवे निसर्गदृश्य, त्याच कॅमेऱ्यातील एक उभे व्यक्तिचित्र आणि बरेच कातरल्यानंतर १३८० × ९२० पिक्सेल उरलेले एक पक्ष्याचे छायाचित्र आहे. मागच्या वेळी रुंदी आणि उंची नियमाप्रमाणे करूनही प्रवेशिका "माप जास्त" असा शेरा घेऊन परत आली आणि ते कसे झाले हे आपल्याला उमगलेले नाही. तिन्ही चित्रांविषयी लिहितोच. पण आधी त्या परत आलेल्या प्रवेशिकेचा उलगडा करतो, कारण या विषयातला बहुतेक गोंधळ तिथेच आहे.

पडद्यावर दिसणाऱ्या चित्राला पिक्सेलांची संख्या हे एकच माप असते. १६२० × १०८० पिक्सेलचे चित्र म्हणजे आडव्या ओळीत १६२० आणि उभ्या ओळीत १०८० ठिपके, एकूण सुमारे साडेसतरा लाख. प्रोजेक्टर किंवा मॉनिटर हे ठिपके घेऊन स्वतःच्या ठिपक्यांवर मांडतो. ते इंचांत किती मोठे दिसतील हे पडद्याच्या आकारावर अवलंबून असते, फाइलवर नाही. फाइलमध्ये ३००, २४० किंवा ७२ अशी जी संख्या नोंदलेली असते ती पीपीआय होय, म्हणजे हे चित्र कागदावर छापायचे झाल्यास एका इंचात किती पिक्सेल बसवावेत याची सूचना. नियमावल्यांत तिलाच सर्रास डीपीआय म्हटले जाते. पोत्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतले धान्य वाढत नाही, तसे ही संख्या बदलल्याने चित्रातला तपशील वाढत नाही. १६२० × १०८० पिक्सेलच्या फाइलवर ३०० लिहिले तर छापील आकार ५.४ × ३.६ इंच होतो, ७२ लिहिले तर २२.५ × १५ इंच होतो. पडद्यावर मात्र दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या तर एका ठिपक्याचाही फरक दिसणार नाही.

मग प्रवेशिका परत का आली? फोटोशॉपच्या 'इमेज साइझ' या चौकटीत 'रिसॅम्पल' अशी एक खूण असते. ती चालू असताना रिझोल्यूशनच्या रकान्यातली संख्या बदलली, तर सॉफ्टवेअर छापील आकार कायम धरते आणि त्या हिशोबाने पिक्सेलच कमी-जास्त करते. अनेक कॅमेरे फाइलवर ७२ ही संख्या लिहितात. आपण चित्र आधी १६२० × १०८० केले असेल, त्यावर ७२ तसेच राहिले असेल आणि नियमात ३०० लिहिले आहे म्हणून शेवटी ७२ च्या जागी ३०० टाकले असेल, तर त्या क्षणी चित्र ६७५० × ४५०० पिक्सेलचे झाले. बहुधा हेच घडले असावे. याच्या उलटही घडते: ३०० नोंदलेल्या ६००० पिक्सेल रुंदीच्या मूळ फाइलवर कोणी ७२ लिहिले की रुंदी एकदम १४४० वर येते आणि आपले पिक्सेल कुठे गेले ते कळत नाही. उपाय सोपा आहे. रिझोल्यूशनची संख्या बदलायची असेल तेव्हा 'रिसॅम्पल'ची खूण काढावी, संख्या लिहावी, ठीक आहे म्हणावे. आणि पिक्सेल कमी करायचे असतील तेव्हा खूण लावून रुंदी-उंचीच्या रकान्यांत, एकक पिक्सेल आहे याची खात्री करून, माप लिहावे. दोन्ही कामे एकाच दमात करू नयेत.

पडद्यावरच्या स्पर्धेसाठी ३०० ही अट खरे तर निरर्थक आहे. ती छपाईच्या नियमांतून उचलून आणलेली असते, आणि एका नियमावलीतून दुसरीत ती आपोआप उतरत राहते. "वेबसाठी ७२" हा सल्लाही तितकाच जुना झाला आहे: १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा इंचाला ७२ पिक्सेलचा होता, तिथपासून तो आकडा चिकटून राहिला आहे. तरीही नियमात ३०० लिहिले असेल तर वाद न घालता फाइलवर ३०० लिहावे. त्याने काही बिघडत नाही, आणि तपासणारी व्यक्ती फक्त तो रकाना पाहत असेल तर प्रवेशिका अडकत नाही.

आता रुंदी-उंचीच्या अटीकडे येऊ. "कमाल १९२० × १०८०" याचा अर्थ आपले चित्र १९२० × १०८० चे असले पाहिजे असा नाही. ती एक चौकट आहे, आणि चित्र आपले मूळ गुणोत्तर राखून त्या चौकटीत मावले पाहिजे, म्हणजे दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. ३:२ गुणोत्तराचे आपले निसर्गदृश्य रुंदीला १९२० केले तर उंची १२८० होते, म्हणजे चौकटीबाहेर जाते. म्हणून इथे उंची आधी ठरते: १०८०, आणि रुंदी येते १६२०. मोबाइलवर काढलेले ४:३ चे चित्र १४४० × १०८० होईल, चौरस १०८० × १०८०, आणि ३:१ चे पॅनोरमा १९२० × ६४०. यांपैकी पॅनोरमाच तेवढे रुंदीने अडते; रोजच्या वापरातली बाकी सगळी गुणोत्तरे उंचीनेच अडतात. काही स्पर्धांचे नियम वेगळे असतात, उदाहरणार्थ "लांब बाजू १९२०" किंवा "लांब बाजू किमान ३००० पिक्सेल". तिथे उंचीची स्वतंत्र मर्यादा नसते आणि हिशोब बदलतो. म्हणून नियमातले वाक्य शब्दशः वाचावे. नुसते "१९२० पिक्सेल" लिहिले असेल तर ते रुंदीचे आहे की लांब बाजूचे, हे आयोजकांना विचारून घ्यावे.

उभ्या चित्राबाबत सर्वाधिक चूक होते. लोक चित्र फिरवल्याप्रमाणे मर्यादाही फिरवतात आणि १०८० × १६२० ची फाइल पाठवतात. पडदा मात्र फिरत नाही. आपले व्यक्तिचित्र ७२० × १०८० पिक्सेलचे व्हायला हवे. ते चौकटीच्या जेमतेम ३७.५ टक्के भागात बसते, तर आडवे ३:२ चित्र ८४ टक्क्यांहून अधिक जागा व्यापते. हा अन्याय आहे हे मान्य. पण तो पडद्याच्या आकाराचा आहे आणि सगळ्या उभ्या चित्रांना सारखाच लागू आहे. चित्र ४:५ मध्ये कातरले तर ते ८६४ × १०८० होते आणि व्यापलेला भाग ४५ टक्क्यांपर्यंत जातो. व्यक्तिचित्रात डोक्यावर किंवा खाली रिकामी जागा असेल तर हा बदल मला करण्याजोगा वाटतो. पण केवळ पिक्सेल मिळवण्यासाठी उभ्या रचनेचे आडवे चित्र करणे मला पटत नाही, कारण परीक्षक आधी रचना पाहतो आणि मोडलेली रचना मोठी दिसली तर तिचे मोडलेपणही मोठेच दिसते. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या भरून फाइल बरोबर १९२० × १०८० करणे हेही, नियमात स्पष्ट मागितले नसल्यास, करू नये. उरलेली जागा प्रोजेक्शनचे सॉफ्टवेअर स्वतः काळी ठेवते.

चौकटीत बसवण्याचे काम हाताने हिशोब न करताही होते. लाइटरूममध्ये एक्सपोर्ट करताना 'रिसाइझ टू फिट'खाली 'विड्थ अँड हाइट' निवडावे, १९२० आणि १०८० लिहावे आणि 'डोंट एन्लार्ज' ही खूण लावावी. आडवे, उभे, चौरस कसलेही चित्र दिले तरी ते मर्यादेत बसते. शेजारच्या रिझोल्यूशनच्या रकान्यात ३०० लिहिले तरी इथे पिक्सेलांवर परिणाम होत नाही, कारण माप पिक्सेलांतच दिलेले असते. फोटोशॉपमध्ये 'फाइल' मेनूतील 'ऑटोमेट'खाली 'फिट इमेज' हा पर्याय हेच करतो. गिम्पमध्ये 'स्केल इमेज' वापरावे आणि रुंदी-उंची जोडणारी साखळी तुटलेली नाही हे पाहावे. ती तुटली असेल तर माणसे लांबट किंवा बुटकी होतात, आणि अशी ताणलेली चित्रे स्पर्धेत खरोखर येतात.

माप कमी करण्याइतकेच महत्त्व त्यानंतरच्या शार्पनिंगला, म्हणजे चित्रातल्या कडा ठळक करण्याला, आहे, आणि याबद्दल नियमावलीत एक अक्षरही नसते. ६००० चे १६२० करताना मूळच्या साधारण पावणेचौदा पिक्सेलांचा एक पिक्सेल होतो. त्या सरासरीत बारीक कडा थोड्या मऊ होतात. म्हणून मूळ फाइलवर कितीही काळजीपूर्वक शार्पनिंग केलेले असले तरी लहान केलेल्या फाइलला तिचे स्वतःचे थोडे शार्पनिंग लागते, आणि ते माप कमी केल्यानंतरच करायचे असते. शार्पनिंगच्या 'अनशार्प मास्क' या पर्यायात रेडियस (कडेभोवती किती रुंदीत परिणाम व्हावा) ०.३ ते ०.५ पिक्सेल आणि अमाउंट (परिणाम किती तीव्र असावा) ५० ते १०० यांच्या दरम्यान ठेवून सुरुवात करावी. मोठ्या फाइलवर चालणारा १ किंवा १.५ पिक्सेलचा रेडियस इथे चित्र बिघडवतो. फोटोशॉपमध्ये माप कमी करताना 'बायक्युबिक शार्पर' ही पद्धत निवडली असेल तर काही शार्पनिंग आधीच झालेले असते. त्यावर पुन्हा तेवढेच केले की कडा करकरीत होतात. लाइटरूममध्ये एक्सपोर्टच्या वेळी 'शार्पन फॉर स्क्रीन' आणि 'स्टँडर्ड' एवढे बहुतेक चित्रांना पुरते, व्यक्तिचित्राला 'लो' अधिक शोभते.

जास्त झाले हे कसे ओळखावे? आपल्या निसर्गदृश्यात उजळ आकाशासमोर झाडाच्या निष्पर्ण फांद्या असतील तर तिथे पाहावे. फांदीच्या दोन्ही कडांना आकाशापेक्षा पांढरी अशी केसाएवढी रेघ दिसू लागली की समजावे, शार्पनिंग मर्यादेबाहेर गेले आहे. मोठ्या पडद्यावर ही रेघ तिसऱ्या रांगेतूनही दिसते. पक्ष्याच्या चित्रात चोचीची वरची कड आणि डोळ्यातला प्रकाशबिंदू तपासावा. प्रकाशबिंदूभोवती काळे कडे उठून आले असेल तर अमाउंट निम्मे करावे. कापडाचे विणकाम, विटांची भिंत, पिसांच्या समांतर रेषा अशा बारीक नक्षीत माप कमी करताना नागमोडी पट्टेही उमटतात. ते दिसले तर 'बायक्युबिक शार्पर'ऐवजी मऊ पद्धत निवडून पाहावी, किंवा लहान करण्यापूर्वी तेवढ्या भागावर अगदी हलका ब्लर द्यावा.

हे सारे १०० टक्के आकारात पाहायचे असते, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. इथे अलीकडे एक नवी अडचण झाली आहे. फोर-के किंवा त्याहून दाट पडद्यावर १०० टक्क्यांत १६२० पिक्सेलचे चित्र इतके लहान दिसते की त्यातला अतिरेक डोळ्याला जाणवतच नाही, आणि माणूस अजून थोडे, अजून थोडे करत राहतो. तेच चित्र साध्या फुल एचडी प्रोजेक्टरवर गेले की कडा ओरखड्यांसारख्या दिसतात. असा पडदा असेल तर शार्पनिंग २०० टक्क्यांत पाहून ठरवावे.

रंगांबाबत नियमाने एसआरजीबी, म्हणजे पडद्यांसाठीचे सर्वसाधारण रंगक्षेत्र, मागितले आहे आणि ते पाळणे आपल्याच हिताचे आहे. ॲडोबी आरजीबी या अधिक विस्तृत रंगक्षेत्रातील फाइल प्रोफाइल (फाइलमधली रंगक्षेत्राची नोंद) न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की रंग फिके पडतात. त्याहूनही विस्तृत अशा प्रोफोटो आरजीबीमधील फाइल तर ओळखू येणार नाही इतकी मलूल दिसते. रूपांतर करताना 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरावे, 'असाइन प्रोफाइल' नव्हे: पहिला पर्याय रंग तसेच राखून आकडे बदलतो, दुसरा आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतो, आणि त्यामुळे चित्रच बदलते. मोबाइलच्या फाइली अनेकदा डिस्प्ले पी-थ्री या विस्तृत रंगक्षेत्रात आणि एचईआयसी या जेपीईजीहून वेगळ्या फाइल-स्वरूपात असतात. त्याही एसआरजीबी जेपीईजीत आणाव्यात. कृष्णधवल चित्र ग्रेस्केल मोडमध्ये ठेवू नये, आरजीबीत रूपांतरित करून पाठवावे, म्हणजे करड्या छटा वेगळ्या प्रोफाइलने उजळ किंवा गडद होण्याचा धोका राहत नाही. प्रोफाइल फाइलमध्ये समाविष्ट करण्याची खूण लावावी. ते जेमतेम ३ केबी जागा घेते.

फाइलच्या आकाराची चिंता आपण उगाच जास्त करत आहात. १६२० × १०८० चे चित्र फोटोशॉपच्या १२ पर्यंतच्या दर्जापट्टीवर १० किंवा ११ ठेवून सहसा २ एमबीच्या बरेच आत राहते. धुक्याचे किंवा मोकळ्या आकाशाचे चित्र लहान फाइल देते, दाट पानांचे मोठी, कारण जेपीईजी चित्राला ८ × ८ पिक्सेलांच्या चौकोनांत तोडून साठवते आणि चौकोनात तपशील जितका जास्त तितकी साठवण जास्त. मर्यादा ओलांडली तर दर्जा एकेक पायरीने खाली आणावा, पिक्सेल कमी करू नयेत. सपाट आकाशात पायऱ्या दिसू लागल्या किंवा गडद लाल वस्तूची कड ओघळल्यासारखी वाटली, तर दर्जा फार खाली गेला आहे असे समजावे. मर्यादेच्या अगदी काठावर फाइल ठेवू नये. काही यंत्रणा १ एमबी म्हणजे १००० केबी धरतात आणि काही १०२४, त्यामुळे १.९ एमबीच्या वर जाऊ नये हे बरे.

पक्ष्याच्या चित्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते मोठे करू नका. १३८० × ९२० हे माप चौकटीच्या आत आहे आणि नियम कमाल सांगतो, किमान नाही. ते १६२० × १०८० पर्यंत ताणले तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरते. पिसांचा तपशील वाढत नाही, उलट आधीचा नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, जाड होतो. फक्त शार्पनिंग द्यावे, रंगक्षेत्र पाहावे आणि तसेच पाठवावे. मात्र याच चित्राची छापील प्रत पुढच्या फेरीत मागितली जाणार असेल तर विचार आताच करायला हवा. १८ × १२ इंचांचा प्रिंट ३०० पीपीआयने हवा असेल तर ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. न कातरलेले २४ मेगापिक्सेलचे चित्र तिथे आरामात पोहोचते. ३६०० × २४०० पिक्सेल असले तरी २०० पीपीआयने चांगला प्रिंट मिळतो, कारण एवढा मोठा प्रिंट कोणी नाकाजवळ धरून पाहत नाही. १३८० पिक्सेलांचे मात्र इंचाला ७७ पिक्सेलही होत नाहीत. निवड झाल्यावर मोठी फाइल मागणाऱ्या स्पर्धेत हे चित्र देऊ नये, दुसरे द्यावे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. सगळे संस्करण पूर्ण माप असलेल्या फाइलवर करून ती टिफ किंवा पीएसडी स्वरूपात जपून ठेवावी, आणि प्रत्येक स्पर्धेसाठी तिच्यापासूनच नवी प्रत काढावी. एका स्पर्धेसाठी १४०० × १०५० च्या चौकटीत बसवलेली जेपीईजी उघडून पुढच्या स्पर्धेसाठी १९२० × १०८० करायला घेतली, तर नुकसान दुहेरी होते: पिक्सेल ताणले जातात आणि जेपीईजीची काटछाट पुन्हा एकदा होते. चित्राभोवती एक पिक्सेलची करडी रेघ हवी असेल, आणि गडद कडांच्या चित्राला काळ्या पडद्यावर ती शोभतेही, तर ती माप कमी केल्यानंतर आतल्या बाजूने काढावी. बाहेरून काढली तर १६२० × १०८० चे १६२२ × १०८२ होते आणि दोन पिक्सेलांसाठी प्रवेशिका अडते. अशा रेघेला परवानगी आहे का, हे स्पर्धेच्या त्या विभागाच्या नियमात आधी पाहावे.

पाठवण्यापूर्वी फाइल सॉफ्टवेअरमधून बंद करून फोल्डरमधून पुन्हा उघडावी आणि तिच्या गुणधर्मांत रुंदी, उंची आणि आकार वाचून घ्यावेत. उभे चित्र खरोखर उभे उघडते का, हेही पाहावे. काही कॅमेरे पिक्सेल आडवेच ठेवून "फिरवून दाखवा" एवढी नोंद करतात, आणि ती नोंद न वाचणाऱ्या प्रोजेक्शन सॉफ्टवेअरमध्ये माणूस आडवा झोपलेला दिसतो. संस्करणाच्या सॉफ्टवेअरमधून नव्याने एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये हा प्रश्न सहसा उरत नाही. काही स्पर्धांना एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये केलेल्या नोंदी, शाबूत हवी असते, काहींना छायाचित्रकाराचे नाव कुठेही नको असते. एक्सपोर्ट करताना तो पर्याय त्याप्रमाणे निवडावा. फाइल मित्राच्या हातून पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, अन्यथा एवढे जपलेले पिक्सेल वाटेतच कमी होतात.